बॅकग्राउंडमधली म्हैस

कासचं पठार मी शाळेत असल्यापासून बघत आलोय, पण इंटरनेटवरच्या फोटोंमधलं कास मला तिथं अजून एकदाही सापडलेलं नाही.

फोटोंमधल्या कासला फक्त फुलं असतात. ढगांना टेकेपर्यंत पसरलेला जांभळा-गुलाबी तेरडा, मध्येच सोनकीचे पिवळे पट्टे आणि त्यात उभी असलेली एकच व्यक्ती, शक्यतो पाठमोरी. बाकी चिटपाखरू नाही. आता सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी खऱ्या कासला जाऊन बघा. आधी दिसते गाड्यांची रांग. मग छत्र्या, रेनकोट, भाजलेली कणसं, रस्त्याकडेला चहाची शेगडी, "ओ ताई, आत जाऊ नका" म्हणून ओरडणारा माणूस, आणि मग फुलं.

पूर्वी मला वाटायचं, हे फोटोवाले पहाटे पाचला उठून जात असणार. काही जण जातातही, त्यांना आपला मुजरा. पण बाकीच्यांची पहाट फोनमध्ये होते. गर्दीतल्या काकांभोवती बोटाने एक गोल काढायचा, काका गायब. रांग गायब, शेगडी गायब. दोन मिनिटांत पठार मोकळं.

तर मंडळी, आज या पुसापुशीबद्दल.

आधीच सांगतो, मी काही या तंत्राच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांतला नाही. उलट धंद्याने सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला त्याचं भारी कौतुक आहे. फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. त्यात क्लोन स्टँप होता, म्हणजे एका जागेचा रंग उचलायचा आणि दुसऱ्या जागी थापायचा. लग्नाच्या फोटोतून मंडपाचा एक बांबू काढायला अर्धा दिवस जायचा, आणि तरी निरखून बघणाऱ्याला कळायचंच की इथं बांबू होता. २००२ मध्ये सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला आणि तमाम नवरदेवांची मुरमं बरी झाली :) खरी मजा आली ती २०१० मध्ये, कंटेंट-अवेअर फिल आलं तेव्हा. (जिंप वापरणाऱ्यांनी इथं कॉलर ताठ करायला हरकत नाही. त्यांच्याकडे रिसिंथेसायझर नावाचं फुकट प्लगइन त्याच्या कितीतरी आधीपासून होतं.)

त्यामागचा पॅचमॅच नावाचा अल्गोरिदम २००९ सालचा, प्रिन्स्टन विद्यापीठ आणि अडोबीमधल्या लोकांचा. कल्पना इतकी साधी आहे की आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. समजा गोधडीला भोक पडलंय. मग त्याच गोधडीच्या दुसऱ्या कोपऱ्यातला, भोकाच्या कडेशी जुळेल असा तुकडा शोधायचा आणि त्याचं ठिगळ लावायचं. पण प्रत्येक तुकडा प्रत्येक जागेशी ताडून बघत बसलं तर जन्म जाईल. म्हणून आधी चक्क अंदाजपंचे कुठलेही तुकडे लावायचे. त्यातल्या एखाद्याला नशिबाने बरी जागा सापडली की शेजारच्या ठिगळाला सांगायचं, तूही तिथंच आसपास शोध. असं चार-पाच वेळा केलं की भोक दिसेनासं होतं. नातेवाइकांच्या ओळखीने भाड्याची खोली शोधतात ना, तसंच हे.

नंतर हे सगळं खिशात आलं. गूगलचं मॅजिक इरेजर २०२१ मध्ये पिक्सेल फोनवर आलं, आयफोनमध्ये क्लीन अप २०२४ मध्ये आलं. मधे २०२३ मध्ये फोटोशॉपने जनरेटिव्ह फिल आणलं. ते आपल्या गोधडीतला तुकडा शोधत बसत नाही. जगातल्या असंख्य गोधड्या बघून ते शिकलेलं आहे, त्यामुळे ठिगळ स्वतःच्या मनाने विणतं आणि सुंदर विणतं.

पण एक गोष्ट साध्यातही आहे आणि या नव्यातही. म्हशीच्या मागे काय होतं हे यातल्या कुठल्याच सॉफ्टवेअरला माहीत नसतं. म्हैस मध्ये होती, तिच्या मागून येणारा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही. तुम्ही म्हैस काढलीत की तिथं जे दिसतं तो अंदाज असतो. म्हणजे आपण "काढून टाकलं" म्हणतो खरं, पण काढून काही टाकता येत नाही. प्रत्येक वेळी काहीतरी नवं घातलं जातं. म्हैस गेली आणि तिथं फुलं आली. ती फुलं तिथं फुललेलीच नव्हती.

आता म्हशीचं उदाहरण मुद्दाम घेतलंय. आसपासच्या गावांची गुरं कासवर चरायची ही जुनी गोष्ट. २०१२ साली पश्चिम घाटाच्या यादीबरोबर कास युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. पर्यटक वाढले, फुलं वाचवायची म्हणून तारेचं कुंपण उभं राहिलं, चराईला आळा बसला. मग त्या कुंपणावरूनच वाद झाले. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की गुरं गवत खाऊन आटोक्यात ठेवायची, म्हणून तर त्या वीतभर उंचीच्या फुलांना ऊन आणि जागा मिळायची. गुरं थांबली तर उंच गवत माजेल आणि फुलं दबतील. बरोबर कोण हे ठरवण्याइतकं वनस्पतिशास्त्र मला येत नाही. पण गंमत बघा, ज्या म्हशीला आपण "फोटो बिघडवते" म्हणून पुसतो, ती कदाचित त्या फोटोतल्या फुलांचं कारण असू शकते. आणि ज्या कुंपणाला पुसतो, त्यावरून इथं माणसं भांडलेली आहेत. ते दोन्ही काढल्यावर जे उरतं ते वॉलपेपर म्हणून छान आहे, पण त्यात कासबद्दल काहीही उरत नाही.

पवनचक्क्यांचं तेच. सज्जनगड, ठोसेघर करून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलात की पात्यांचं जंगल लागतं. १९९० च्या दशकाच्या शेवटाकडे त्या उभ्या राहायला लागल्या, म्हणजे माझ्यापेक्षा लहान पोरांनी त्यांच्याशिवायचे ते डोंगर पाहिलेलेच नाहीत. एक फोटोवाला निसर्ग "अनटच्ड" दिसावा म्हणून त्यांना खोडून टाकतो. दुसरा त्यांच्याच पायाशी प्री-वेडिंग शूट करतो. दोघेही आपापल्या जागी खूश. पण वीस वर्षांनी कुणी विचारलं, की या डोंगरावर पवनचक्क्या कधी होत्या आणि कुठवर होत्या, तर या दोघांच्या अल्बममधून एक उत्तर निघणार नाही.

आमच्या जिल्ह्याला पुसून घ्यायची सवय तशी जुनीच म्हणा. वाईचे घाट आणि गल्ल्या तुम्ही पडद्यावर शेकडो वेळा पाहिलेत. २००३ चा 'गंगाजल' इथला, पण गोष्ट बिहारची. २००४ चा 'स्वदेस' मेणवलीत झाला, पण पडद्यावर ते उत्तर प्रदेशातलं चरणपूर. २०१० च्या 'दबंग'मध्येही वाई, आणि तेही उत्तर प्रदेशच. कृष्णा इतक्या वेळा गंगेच्या बाजूची झालीये की तिलाही आता आधार कार्ड दाखवावं लागत असेल :) पण सिनेमाबद्दल माझी तक्रार नाही. सिनेमा तिकीट फाडतानाच सांगतो की ही बनवलेली गोष्ट आहे. फोटो असं सांगत नाही. फोटो बघणारा माणूस "हे असं होतं" असंच धरून चालतो, आणि सगळी भानगड तिथंच आहे.

मेणवलीचंच घ्या. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा तो अर्धगोल घाट, दोन देवळं, आणि वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीज घंटा. घाटाचा फोटो काढायला गेलात की पायरीवर कपडे धुणाऱ्या बायका हमखास फ्रेममध्ये येतात. बादल्या, साबणाचा फेस, वाळत घातलेलं लुगडं. मग घरी येऊन लोक त्या बायका पुसतात आणि खाली लिहितात, "काळ जणू इथे थांबलाय". अहो, काळ थांबला नव्हता, तो तिथं धुणं धूत होता, तुम्हीच त्याला काढलंत! घाट बांधतात कशासाठी? पाण्यापर्यंत उतरता यावं, अंघोळ, धुणं, पूजा करता यावी म्हणून. अडीचशे वर्षं ज्या कामासाठी घाट वापरात आहे ते काम आपल्याला कचरा वाटतं, आणि आपण तासभर येऊन पायरीवर पाय सोडून बसतो ते मात्र "हेरिटेज".

जुन्या वाड्यांच्या फोटोत आणखी एक घोळ होतो. लाकडी तुळईवरून विजेची वायर गेलेली असते, कुठे मीटरचा डबा असतो. काढावंसं वाटणं साहजिक आहे. पण वायरच्या मागे नक्षी असते. सॉफ्टवेअर वायर काढतं आणि नक्षी भरून देतं. कुठली नक्षी? शेजारच्या तुकड्यावरून सुचलेली, किंवा राजस्थानातली कुठलीतरी हवेली बघून शिकलेली. उद्या ती तुळई कुजली, वाळवीने खाल्ली, आणि दुरुस्ती करणाऱ्या सुताराने संदर्भ म्हणून हाच फोटो हातात घेतला तर? तो बिचारा सॉफ्टवेअरच्या अंदाजाचं खरं लाकूड कोरून बसवेल.

इथं माझे मित्र हमखास म्हणतात, "काय राव, आम्ही काय पेपरवाले आहोत का? आमचे फोटो, आमचा छंद." मुद्दा चुकीचा नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत आलेल्यांतल्या साधारण २० टक्के प्रवेशिका फेरफारामुळे बाद झाल्या होत्या. ते नियम बातमीवाल्यांचे, आपल्याला लागू नाहीत. पण स्टीव्ह मकरी आठवतो का? भारताचे असंख्य फोटो काढलेला, अफगाण मुलीच्या फोटोवाला. २०१६ मध्ये त्याच्या क्युबातल्या एका फोटोत रस्त्यावरच्या पाटीच्या खांबाचा तुकडा चुकीच्या जागी सरकलेला कुणालातरी दिसला. मग लोकांनी त्याचे बाकीचे फोटो तपासले तर काहींतून माणसंच्या माणसं नाहीशी. त्यावर त्याचं म्हणणं होतं की आपण आता बातमीदार नाही, चित्रांतून गोष्ट सांगणारे आहोत. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखंच, आपला छंद. फक्त त्याचे फोटो बघून निम्म्या जगाने भारत कसा दिसतो ते ठरवलेलं होतं.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. ४ मे १९७०, अमेरिकेतल्या ओहायोमधलं केंट स्टेट विद्यापीठ. सैनिकांनी विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, आणि एका मृत विद्यार्थ्याशेजारी गुडघ्यावर बसून आक्रोश करणाऱ्या मुलीचा फोटो जॉन फिलो नावाच्या विद्यार्थ्याने काढला. त्याला पुलित्झर मिळालं. त्या फोटोत मुलीच्या डोक्याच्या बरोबर मागे कुंपणाचा एक खांब आहे, डोक्यातून उगवल्यासारखा. कुणीतरी केव्हातरी तो खांब काढला. हेतू वाईट नसणार, फोटो बरा दिसावा एवढाच. १९९५ मध्ये लाइफ मासिकात तो फोटो बिनखांबाचा छापून आला तेव्हा बोभाटा झाला. छापणाऱ्यांना ठाऊकच नव्हतं की हातात आलेली प्रत पुसलेली आहे.

मला यातला खांब महत्त्वाचा वाटत नाही. खांबाने इतिहास बदलत नाही. महत्त्वाचं हे, की पुसलेली प्रत संग्रहात जाऊन बसली आणि खरी म्हणून चालायला लागली. आपल्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी थेट प्रॉडक्शनवर जाऊन डेटा बदलला आणि लॉग ठेवला नाही. तुमच्या टीममध्ये कुणी असं केलं तर तुम्ही काय कराल? लॉगमधल्या एररच्या ओळी डिलीट करून "बघा, सिस्टीम किती छान चाललीये" म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोटोच्या बाबतीत मात्र आपण सगळे रोज हेच करतो आणि वर लाइक घेतो.

घरातही हे चालतंच. माझं गाव सातारा, आजोळ सांगली, आणि दोन्हीकडे मिळून कंप्युटरवाला मी एकटा. त्यामुळे "एवढं जरा काढून दे रे" म्हणून येणारे फोटो भरपूर. टक्कल झाका, कॅलेंडर काढा, मागची कचऱ्याची बादली काढा. करून देतो. पण गेल्या दिवाळीत आईच्या नात्यातल्या एक मावशी बारशाचा फोटो घेऊन आल्या. मुलाचा घटस्फोट झालेला. म्हणाल्या, "तिला तेवढी काढून दे, मोठा करून भिंतीवर लावायचाय."

मी म्हटलं, "मावशी, बाळ तिच्याच हातात आहे."

"मग हात तेवढे राहू देत."

त्यांचा राग मला कळत होता, त्यात मी पडणार नव्हतो. मी त्यांना बाळाचा एकट्याचा दुसरा फोटो मोठा करून दिला, तो भिंतीवर लागला, त्या खूश. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. तंत्राला यातलं काहीच अवघड नाही. तिच्या जागी पाळणा आला असता, पडदा आला असता, हात आजीचे वाटावेत असेही करता आले असते. आणि ते पोर वीस वर्षांनी भिंतीकडे बघून समजलं असतं की आपल्या बारशाला आई नव्हती.

आता सांगली. वाईहून निघालेली कृष्णा कराडला कोयनेला भेटते आणि मग सांगलीत येते. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत नदीच्या अंगाला माशासारखी निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून, असं सांगतात. म्हणजे या नदीकाठी पूर हा बॅकग्राउंडला नसतोच, तो धरूनच बांधायचं असतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना "जेवलास का" च्या आधी "किती फूट?" विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तो आकडा ५७ च्या वर गेला आणि निम्मं गाव पाण्यात होतं.

त्या पुरातले फोटो आठवा. एका मंत्र्यांचा बोटीतला हसरा व्हिडिओ फिरला होता, लोक भयंकर चिडले. का चिडले? हसणं पुढे होतं आणि पूर मागे होता म्हणून. मागचं पाणी पुसलं असतं तर तो सहलीचा व्हिडिओ झाला असता. म्हणजे फोटोचा अर्थ पुष्कळदा बॅकग्राउंडमध्येच असतो.

पूर ओसरला की घराच्या भिंतीवर एक रेघ राहते. खाली मातकट, वर मूळ रंग. पंचनाम्याला येणारा माणूस ती रेघ बघतो, फोटो काढतो. घरात कुठवर पाणी होतं, फ्रीज बुडाला की नुसता भिजला, हे ती रेघ सांगते. नंतर कधीतरी घराला रंग लागतो आणि रेघ जाते, ती जायलाच हवी, माणसाने किती दिवस तिच्याकडे बघत जेवायचं? मग ती राहते फक्त फोटोंमध्ये. आणि गंमत अशी, की त्या काळातले घरगुती फोटो पुराचे म्हणून काढलेलेच नसतात. कुणाचा वाढदिवस असतो, गौरी-गणपती असतात, शाळेच्या नव्या दप्तराचा फोटो असतो. मागे भिंत असते आणि भिंतीवर ती रेघ. फोन आपुलकीने सुचवतो, हा डाग काढू का?

काढलात तर फोटो नक्कीच छान दिसेल. पण २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढायला लागलं तेव्हा नदीकाठच्या प्रत्येक घरात एकच प्रश्न होता, "गेल्या वेळी कुठवर आलं होतं?" सामान कट्ट्यावर ठेवायचं की माळ्यावर, म्हातारीला आज हलवायचं की उद्या, हे त्या उत्तरावर ठरतं. आठवणीत पाणी कुणाच्या गुडघ्याएवढं असतं, कुणाच्या गळ्याएवढं. फोटोतली रेघ भांडत नाही, ती खिडकीच्या कुठल्या गजापर्यंत आहे ते मोजता येतं.

तर मग पुसायचंच नाही का? असं मी म्हणणार नाही, मीही पुसतो. माझ्यापुरते काही नियम केलेत, पटले तर घ्या.

पहिला, मूळ फोटो ठेवायचा. गूगल फोटोज पुसलेली प्रत वेगळी साठवतं, आयफोनवर मूळ फोटोवर परत जाता येतं, तेव्हा "जागा भरली" म्हणून मूळच उडवू नका. आणि पुराचे, अपघाताचे, घराच्या पडझडीचे फोटो नुसते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून निश्चिंत होऊ नका. तिथून जाताना फोटो बारीक होतो आणि कधी, कुठे काढला ही त्याच्या पोटातली माहिती गळते. पुसल्याची नोंद आता काही फोन फोटोच्या तपशिलात करतात, पण तीही पुढच्या माणसापर्यंत पोचेलच असं नाही.

दुसरा, पाच मिनिटं थांबलो असतो तर आपोआप निघून गेलं असतं ते खुशाल पुसायचं. मधे आलेली गाडी, कुणाचा तरी अंगठा, उडता कावळा. जे तिथं राहतं ते पुसायचं नाही. पवनचक्की, कुंपण, वायर, भिंतीवरची रेघ.

तिसरा, दुसऱ्याला लागलेली पुरवणी आहे. कपडे धुणारी बाई पाच मिनिटांत उठून जाईल, पण ती जागा तिच्या कामाचीच आहे. तिला फोटोत यायचं नसेल तर तो तिचा हक्क. मग कॅमेरा दुसरीकडे वळवा किंवा तिचं काम होईपर्यंत थांबा. अनोळखी माणसाचा, विशेषतः लहान पोरांचा चेहरा ओळखू येऊ नये म्हणून पुसणं हे तर चांगलंच काम आहे. पण मग ते त्यांच्यासाठी करतोय की आपल्या फ्रेमसाठी, हे स्वतःला विचारायचं.

चौथा, पुसलं असेल तर खाली एक ओळ लिहायची, "गर्दी काढली आहे" एवढीच. त्याने लाइक कमी होत नाहीत, मी करून बघितलंय. आणि ती ओळ वाचून एखादा माणूस "इथं रविवारी गर्दी असते बरं का" एवढं शहाणपण तरी घेऊन जातो.

आणि कासच्या वाटेवर पडलेली प्लास्टिकची बाटली? तिच्यासाठी कुठलंही ॲप नको. गोल काढून, थांबून, झूम करून ठिगळ नीट बसलंय का बघायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात वाकून उचलता येते. तेवढं एक पुसणं माझ्या माहितीत पूर्ण खरं आहे, कारण बाटलीच्या खाली काय होतं ते तिथंच दिसतं.

या पावसाळ्याच्या आधी एक काम मात्र करा. तुमचं आजोळ, सासर, जुनं घर नदीकाठी असेल तर २०१९ चे आणि २०२१ चे फोटो शोधून एका फोल्डरमध्ये ठेवा, वाढदिवसाचेसुद्धा, भिंत दिसत असेल तर. फोल्डरला साल आणि गल्लीचं नाव द्या. आणि मामाला फोन करून विचारून घ्या, ही रेघ कुठल्या खोलीतली.